लाल-हिरव्यात गोंधळ होतो. ३२×३२ च्या पात्रांचे रंग आकड्यांवरून कसे ठरवायचे?

कापूसवाट, परभणी

नमस्कार मंडळी. नेत्रतपासणीत माझं रंगांधत्व ड्युटान प्रकारचं निघालंय, म्हणजे हिरव्याकडची बाजू कमजोर. लाल, तपकिरी आणि शेवाळी शेजारी-शेजारी आले की कोणता कुठं संपतो ते कळत नाही. फिका गुलाबी आणि राखाडी यांचंही तेच. निळा आणि पिवळा मात्र व्यवस्थित ओळखू येतात.

एसप्राइटमध्ये (पिक्सेल-चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) एक छोटा मोबाइल गेम करायलोय, आडवा सरकणारा, गावाकडचा. पात्रं ३२×३२ पिक्सेलची. धोतर, बंडी आणि लाल पटका घातलेला शेतकरी आहे, फेटिया-कांचळीतली (घागरा-चोळीतली) बंजारा बाई आहे, पैठणी नेसलेली आजी आहे आणि भगवी पताका घेतलेला वारकरी. मागं कपाशी आणि ज्वारीचं रान, पायाखाली काळी माती.

अडचण दोन ठिकाणी आहे. पटका कपाशीच्या पानांवर आला की मला दिसतच नाही. पटक्याचा रंग लाल १९०, हिरवा ५०, निळा ४५ असा आहे आणि पानाचा ६०, ११०, ५०. दुसरी गोष्ट कातडीची. ज्यांनी बघितलं ते म्हणायलेत की शेतकऱ्याचा चेहरा हिरवट, आजारी दिसतो. मला तो सरळ गव्हाळ वाटतो. त्याचा मूळ रंग १५०, १४०, ८० घेतलाय.

रंग नुसता बघून निवडणं मला जमणार नाही, हे धरूनच विचारतोय. आकड्यांवरून, ठरावीक रीतीनं रंग ठरवायचे तर सुरुवात कुठून करायची? तयार पॅलेट, म्हणजे ठरावीक रंगांचा संच, घेतला तर सुटेल का? पिको-८ (छोटे, जुन्या धाटणीचे गेम करायचं साधन) चं सोळा रंगांचं पॅलेट डोक्यात आहे.


रंगठिपका, लातूर

दादा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पटका न दिसणं हा उजळपणाचा प्रश्न, आणि चेहरा हिरवट होणं हा ह्यूचा, म्हणजे रंग लाल, पिवळा, हिरवा यांपैकी कुणाकडे झुकतो त्याचा. पहिला तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी तपासू शकता. दुसरा फक्त आकड्यानं.

आधी उजळपणा. प्रत्येक रंगाचा राखाडी आकडा काढायचा: लालचा आकडा गुणिले ०.३, हिरव्याचा गुणिले ०.५९, निळ्याचा गुणिले ०.११, आणि तिन्हींची बेरीज. उत्तर ० ते २५५ मध्ये येतं. तुमचा पटका येतो ९१, पान येतं ८८. फरक फक्त तीनचा. ज्याला लाल-हिरवं नीट दिसतं त्याला तो पटका ह्यूमुळे सापडतो, उजळपणामुळे नाही. तुमच्याकडे ह्यूचा तो आधार नाही, म्हणून पटका पानात मुरतो. आणि भर उन्हात मोबाइल धरून खेळणाऱ्या कुणालाही तो मुरलेलाच दिसेल.

माझा ठोकताळा असा: एकमेकींना चिकटलेल्या दोन वेगळ्या वस्तूंत निदान ४० चा फरक हवा. एकाच वस्तूच्या उजेड-सावलीच्या पायऱ्या ३० पेक्षा जवळ आणू नयेत. ३२ पिक्सेलच्या पात्रात सावली दोन-तीन पिक्सेलांची असते, त्याहून कमी फरक ठेवला तर ती सावली न वाटता मळ लागल्यासारखी वाटते.

इथं एक गोष्ट नक्की चकवते. रंग ह्यू, सॅच्युरेशन (गडद-भडकपणा नव्हे, रंगाचा शुद्धपणा) आणि व्हॅल्यू अशा तीन आकड्यांत मांडायची रीत म्हणजे एचएसव्ही, पण त्यातली व्हॅल्यू म्हणजे उजळपणा नव्हे. शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांची व्हॅल्यू १००. राखाडी आकडा मात्र पिवळ्याचा २२७ आणि निळ्याचा २८. व्हॅल्यूची पट्टी बघून फरक ठरवायला गेलात तर दर वेळी फसाल.

हाताने गुणाकार रोज करायची गरज नाही. फाइल आरजीबी मोडमध्ये ठेवा. सगळ्यांत वर एक लेयर घ्या, पूर्ण काळ्यानं भरा आणि लेयरच्या गुणधर्मांत ब्लेंड मोड ‘कलर’ करा. खालचं सगळं चित्र राखाडी दिसतं. लेयरला कुलूप लावून डोळ्याचं चिन्ह चालू-बंद करत राहा. दर दहा-पंधरा मिनिटांनी एकदा बघितलं तरी पुरे. एक्स्पोर्टच्या आधी ती लपवायला विसरू नका. पिस्केलसारख्या ब्राउझरातल्या साधनात ही सोय नसेल तर विंडोजच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये कलर फिल्टर आहेत. त्यात ग्रेस्केल निवडून शॉर्टकट चालू केला की विंडोज, कंट्रोल आणि सी एकत्र दाबून अख्खी स्क्रीन राखाडी करता येते.

आता पटका. लाल थोडा नारिंगीकडे न्या आणि पान निळसर व गडद करा. पटका २१३, ९४, ० (राखाडी ११९). पान २५, ७५, ७० (राखाडी ५९). सरळ ६० चा फरक. नुसतं पान गडद केलं असतं तरी फरक आला असता, पण निळसर केल्यानं तुमच्या डोळ्याला चालणारी निळी-पिवळी बाजूही कामाला लागते: पटका पिवळ्याकडे झुकतो, पान निळ्याकडे. लाल-हिरव्याच्या जोडीला वाचवायचं असेल तर दोघांना निळ्या-पिवळ्याच्या दोन टोकांकडे ढकलायचं, हे सगळीकडे लागू पडतं.

कातडी. तुमच्या १५०, १४०, ८० चा ह्यू निघतो ५१ अंश. ० म्हणजे लाल, ३० नारिंगी, ६० पिवळा, १२० हिरवा. नारिंगी रंग गडद केला की तपकिरी दिसतो, पण पिवळा गडद केला की तो शेवाळी होतो. ५१ हा पिवळ्याच्या अगदी जवळ, म्हणून चेहरा आजारी. माणसाच्या कातडीचा ह्यू १० आणि ३० च्या मध्ये कोंडून ठेवा, कुठलाही रंग ४० च्या वर जाऊ देऊ नका. आपल्याकडच्या उन्हातल्या सावळ्या कातडीसाठी ही चार पायऱ्यांची ओळ वापरा:

उजेड: ह्यू ३०, सॅच्युरेशन ४५, व्हॅल्यू ८८, म्हणजे २२४, १७४, १२३. राखाडी १८३.
मूळ: २५, ५५, ७०, म्हणजे १७९, १२१, ८०. राखाडी १३४.
सावली: १८, ६०, ५०, म्हणजे १२८, ७४, ५१. राखाडी ८८.
खोल सावली: १०, ६०, ३०, म्हणजे ७७, ३९, ३१. राखाडी ५०.

बघा, सावलीकडे जाताना ह्यू ३० वरून १० कडे उतरतो, सॅच्युरेशन थोडं चढतं. उलट केलंत, म्हणजे सावलीत ह्यू वाढवलात, तर सावली हिरवी पडते. तुमच्या चित्रात तसं झालंय का ते तपासा. तुम्हाला ते दिसणार नाही, आकडा दाखवील.

पिको-८ बद्दल: पॅलेट सुंदर आहे, पण तुमच्या रानात अडचणीचं आहे. त्यातला गडद हिरवा (०, १३५, ८१) राखाडीत ८९ येतो, गडद राखाडी (९५, ८७, ७९) ८९ आणि तपकिरी (१७१, ८२, ५४) १०६. झाड, दगड आणि माती अशा तिन्ही जागी नेमके हेच रंग वापरावे लागतात. तयार पॅलेट घ्यायचंच असेल तर आधी सगळ्या रंगांचे राखाडी आकडे लिहून काढा, मग ठरवा.


वेरूळटाइल, छत्रपती संभाजीनगर

वरचं सगळं बरोबर, दोन दुरुस्त्या.

पहिली. ०.३, ०.५९, ०.११ हे सूत्र झटपट अंदाजाला चांगलं आहे, पण भडक लाल आणि भडक निळ्याला ते खरा उजळपणा देत नाही. शुद्ध लाल (२५५, ०, ०) या सूत्रानं ७६.५ येतो. स्क्रीनचा गॅमा (रंगाचा आकडा आणि खरा उजेड यांचं नातं) धरून नीट मोजला तर तो १२७ च्या राखाडीइतका उजळ भरतो. म्हणून ज्या जोडीवर गेम अवलंबून आहे, म्हणजे पात्र आणि पार्श्वभूमी, ती जोडी कॉन्ट्रास्ट गुणोत्तरानं, म्हणजे दोन रंगांच्या उजळपणाच्या प्रमाणानं, तपासावी. ब्राउझरात दोन रंग टाकले की गुणोत्तर सांगणारी फुकट साधनं भरपूर आहेत. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.१ या २०१८ च्या मानकात चित्रांतल्या महत्त्वाच्या भागांसाठी निदान ३ ला १ असं गुणोत्तर दिलंय. गेमला ते बंधनकारक नाही, पण मापदंड म्हणून पक्कं आहे. कापूसवाट, तुमच्या जुन्या पटका-पानाचं गुणोत्तर १.०६ आहे, म्हणजे जवळजवळ एकच उजळपणा. नव्या जोडीचं २.५ येतं. पान अजून उतरवून १८, ५८, ५६ केलंत तर ३.२ होतं. तेवढं करा.

दुसरी, आणि ही जास्त महत्त्वाची. तुम्ही ड्युटान आहात, पण तुमचा गेम प्रोटानही खेळतील. त्यांच्यात लालकडची बाजू कमजोर असते आणि लाल रंग त्यांना नुसता वेगळा नाही, तर काळवंडलेला दिसतो. काळ्या रेघेला चिकटलेला गडद लाल त्यांच्यासाठी काळ्यातच जातो. बंजारा बाईचा फेटिया तुम्ही गडद लाल ठेवला आणि भोवती काळी आउटलाइन दिली, तर तिचं अंग एक काळा ठोकळा होईल. ग्रेस्केलमध्ये हे पकडता येत नाही, तिथं फरक शिल्लक दिसतो. त्यासाठी सिम्युलेटर हवा. गिम्प या फुकट चित्र-सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यू मेनूत डिस्प्ले फिल्टर आहेत, त्यात रंगदृष्टी कमतरतेचा फिल्टर प्रोटान, ड्युटान, ट्रायटान (निळ्याकडची बाजू कमजोर) असा तीन प्रकारांत मिळतो. कलर ओरॅकल नावाचं फुकट साधन अख्ख्या स्क्रीनवर तेच करतं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रेंडरिंगच्या टॅबखालीही आहे.

पण सिम्युलेटर कशाला वापरायचा हे तुमच्या बाबतीत नीट समजून घ्या. ड्युटानचा फिल्टर तुम्हाला फारसं नवीन काही दाखवणार नाही, कारण तुम्ही जवळपास तेच बघता. प्रोटान आणि ट्रायटानचा लावा. आणि सर्वसाधारण डोळ्याला तुमचं चित्र कसं दिसतं हे कुठलाच सिम्युलेटर तुम्हाला दाखवू शकत नाही. ते फक्त ह्यूच्या आकड्यावरून आणि दुसऱ्या माणसाला विचारून कळतं.

विचारताना ‘कसं वाटतंय?’ असं विचारू नका, ‘भारी’ एवढंच उत्तर येतं. पात्राचा एक-एक भाग दाखवून रंगाचं नाव घ्यायला सांगा: हा पटका कोणत्या रंगाचा, ही सावली कोणत्या रंगाची, कातडीत कुठं हिरवी झाक आहे का. उत्तरात ‘मेहंदी कलर’ किंवा ‘शेवाळी’ असा शब्द कातडीसाठी आला की तो पिक्सेल शोधा आणि त्याचा ह्यू बघा. घरातल्यांना विचारणार असाल तर लक्षात ठेवा, लाल-हिरव्याचं रंगांधत्व एक्स गुणसूत्रावरून म्हणजे आईकडून येतं. त्यामुळे मामा किंवा सख्खा भाऊ यांच्यातही ते असू शकतं. त्यांचं मत या कामासाठी धरू नका.

तपासताना मोबाइलचा नाइट मोड, वाचनाचा मोड बंद हवा. तो निळा कमी करतो, आणि तुमची तर सगळी भिस्त निळ्यावर आहे.


कापूसवाट, परभणी

दोघांचेही आभार. काल रात्री बसून आकडे लावले. पान १८, ५८, ५६ केलं. पटका आता लांबूनही दिसायलाय. कातडीत तुम्ही म्हणालात तेच होतं, सावलीचा ह्यू ५८ निघाला. चार पायऱ्यांची ओळ जशीच्या तशी घेतली.

पण तीन नवीन भानगडी झाल्यात. पटका (११९) आता कपाळाला (१३४) चिकटला, मला दोन्ही एकच दिसतात. ज्वारीचं रान १०६, १५३, ५८ आहे, त्याचा राखाडी आकडा १२८, म्हणजे चेहरा ज्वारीवर आला की पुन्हा गायब. आणि पावलं खोल सावलीत ५० ची, काळी माती ५२, ४४, ४२ म्हणजे ४६. पाय मातीत गेल्यासारखे वाटतात.

शिवाय पॅलेटमध्ये आता ३० रंग झालेत. निवडताना चुकीच्या चौकटीवर क्लिक होतं आणि मला ते दिसत नाही.


रंगठिपका, लातूर

पटका-कपाळ हा नेहमीचा घोळ. पटक्यालाही तीन पायऱ्या द्या: उजेड २४५, १५०, ६० (१६९), मूळ २१३, ९४, ० (११९), सावली १४०, ५०, १० (७३). आता पटक्याची कपाळाला लागणारी सगळ्यांत खालची ओळ, एकच पिक्सेल उंचीची, सावलीच्या रंगात काढा. ७३ आणि १३४, फरक ६१. खऱ्या पटक्याची सावली कपाळावर पडतेच, त्यामुळे ते खोटंही वाटत नाही. दोन मधले रंग एकमेकांना भिडू लागले की रंग बदलण्याआधी मध्ये एक गडद ओळ बसते का ते बघायचं. गळ्याखाली, काखेत, धोतराच्या काठाला, सगळीकडे हेच.

धोतर पांढरं शुभ्र ठेवू नका, सावलीला जागा उरत नाही. २४०, २३५, २२० (२३५) मूळ, १६५, १७५, २०० (१७५) सावली, १०५, ११५, १५० (११६) निऱ्यांसाठी. सावली निळसर घेतलीय ती मुद्दाम: कातडी नारिंगी, धोतराची सावली निळी, हा फरक तुमच्या डोळ्याला पूर्ण मिळतो. राखाडी सावली घेतली असती तर ती तुम्हाला फिक्या गुलाबीसारखी भासली असती.

पॅलेटचं असं करा. रंग बघून उचलायचे नाहीत, जागेवरून उचलायचे. पॅलेटची रुंदी चार चौकटी ठेवा आणि एक ओळ म्हणजे एक वस्तू. सगळ्यांत वरची ओळ मोकळी सोडा आणि तिच्याखालून मोजा: पहिली ओळ कातडी, दुसरी पटका, तिसरी धोतर, चौथी पानं, पाचवी माती. प्रत्येक ओळीत डावीकडून उजवीकडे उजेड, मूळ, सावली, खोल. ओळीत तीनच रंग असतील तर चौथी चौकट काळी सोडा, पण ओळ मोडू नका. आठवड्यात हात बसतो: ‘दुसरी ओळ, तिसरी चौकट’ म्हणजे पटक्याची सावली.

नावंही देता येतात. जीपीएल पॅलेट फाइल ही साधी मजकूर फाइल असते. प्रत्येक ओळीत लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे आणि त्यापुढं नाव. नोटपॅडमध्ये उघडून ‘कातडी सावली ८८’ असं लिहा, शेवटी राखाडी आकडाही टाका. गिम्पमध्ये ती नावं दिसतात, एसप्राइटमध्ये फाइल उघडते. रंग ठरले की पात्राची प्रत काढून इंडेक्स्ड मोडमध्ये न्या. मग पॅलेटमधली एक चौकट बदलली की त्या रंगाचे सगळे पिक्सेल एकदम बदलतात, पटका हवा तितक्या वेळा बदलून बघता येतो. तिथं चौकटी इकडून तिकडे ओढल्या तर रिमॅप करायला (चित्रातले पिक्सेल नव्या जागांशी जुळवायला) विसरू नका, नाहीतर कातडीला पानाचा रंग लागेल आणि तुम्हाला ते कळायला वेळ लागेल. ० नंबरची चौकट पारदर्शक असते, वरची ओळ मोकळी ठेवायची ती म्हणूनच, तिथं कुठलाही कामाचा रंग ठेवू नका.


गंगाथडी, नांदेड

चेहरा आणि ज्वारीचा प्रश्न रंगात सोडवायला जाऊ नका, जागा बदलून सोडवा. ज्वारी माणसापेक्षा उंच वाढते, म्हणून तिच्यापुढं उभं राहिलेल्या पात्राचं डोकं सतत पिकावर येतं. जवळच्या पट्ट्यात हरभरा किंवा सोयाबीन लावा. ३२ च्या पात्रामागं पिकाची उंची १२ ते १४ पिक्सेल, म्हणजे कमरेच्या खाली. मग हिरव्या पट्ट्यासमोर पांढरं धोतर येतं (२३५ आणि १२८), आणि चेहरा व पटका येतो आभाळावर. आभाळ १५०, २००, २३५ धरलं तर राखाडी १८९. कातडी १३४, पटका ११९, दोन्हींत ५० पेक्षा जास्त फरक, वर नारिंगीविरुद्ध निळा. ज्वारी हवीच असेल तर ती लांबच्या थरात, निळसर आणि फिकी करून ठेवा.

वारकऱ्याच्या पताकेलाही हेच लावा. भगवा २४०, १३०, ३० म्हणजे राखाडी १५२. हिरव्या रानावर फरक २४ चा, आभाळावर ३७ आणि शिवाय निळा-नारिंगी. म्हणून काठी लांब करा, पताका डोक्याच्या वर दहा-बारा पिक्सेल जाऊ द्या. चित्राची चौकट ३२×४८ करावी लागेल, त्यात काही बिघडत नाही.

पाय: काळ्या मातीवर दोन पिक्सेल जाडीची पायवाटेची धूळ टाका, १५०, १३०, १०५ (१३३). पावलांना खोल सावली न वापरता सावलीचा रंग (८८) द्या. फरक ४५. मातीचा काळेपणा खाली तसाच राहतो, मराठवाड्याचं रान मराठवाड्याचंच वाटतं.

आता कपडे. बंजारा बाई लाल रंगावरून ओळखू येईल या भरवशावर राहू नका. तिची ओळख आरशांत आणि हातभर बांगड्यांत आहे. फेटियावर एकेक पिक्सेलचे फिके निळे ठिपके, तीन-तीन पिक्सेलांच्या अंतरानं, आणि दर ओळीला दीड घर सरकवून नव्हे तर पूर्ण एक किंवा दोन पिक्सेल सरकवून. अर्धा पिक्सेल नसतो, आणि सरकवण्यात चूक झाली की चालताना आरसे नाचल्यासारखे दिसतात. दंडावर पांढऱ्या बांगड्या: एक ओळ पांढरी, एक ओळ कातडीची सावली, पुन्हा पांढरी. एवढ्यावर ती ग्रेस्केलमध्येही ओळखू येते. बाहेरची रेघ काळी न ठेवता ३०, २२, ४० अशी जांभळट गडद ठेवा आणि फेटिया २१३, ९४, ० च्या आसपास ठेवा, म्हणजे वेरूळटाइल यांनी सांगितलेला काळा ठोकळा होणार नाही.

आजीची पैठणी नीट जपून करा. हिरवट निळा (०, १२०, ९५) अंग आणि राणी कलरचे (१९०, ४५, १२०) काठ ही जोडी नेहमीच्या डोळ्याला भरजरी दिसते, पण ड्युटान सिम्युलेटरमध्ये दोन्ही सरळ राखाडी होतात: पहिला साधारण १०२, १०२, ९७ आणि दुसरा ११४, ११४, ११७. तुम्ही काढताना काठ कुठं सुरू झाला हेच तुम्हाला समजणार नाही. उपाय पैठणीतच आहे. अंग आणि काठ यांच्या मध्ये जरीची एक पिक्सेलची रेघ द्या, २३५, १९०, ८० (१९१). पदरावर जर दोन पिक्सेल. जर पिवळी आहे आणि उजळही आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सुटी दिसते. राणी कलर बदलायची गरज नाही, लोकांना तो तसाच हवा असतो. तुम्ही फक्त रेघेच्या कुठल्या बाजूला आहात ते बघून भरत जा.


कापूसवाट, परभणी

जरीची रेघ लावली, पहिल्यांदा काठ सरळ आलाय. पीक खाली उतरवलं तर चेहरा काही न बदलता दिसायला लागला, हे डोक्यातच आलं नव्हतं.

एकच उरलं. पुढं चार खेळाडू एकत्र खेळतील असं करायचंय, चौघांना चार रंग. लाल, हिरवा, निळा, पिवळा घेऊ का?


वेरूळटाइल, छत्रपती संभाजीनगर

लाल-हिरवा एकत्र घेऊ नका. जपानचे मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी रंगांधांसाठी आठ रंगांचा एक संच ठरवलाय, त्यातले चार घ्या: पिवळा २४०, २२८, ६६ (राखाडी २१४), आभाळी ८६, १८०, २३३ (१५८), शेंदरी २१३, ९४, ० (११९), निळा ०, ११४, १७८ (८७). चारही वेगवेगळ्या उजळपणाचे आहेत. त्याच संचातला हिरवा (०, १५८, ११५) सोडा, त्याचा आकडा १०६, तो शेंदरीच्या फार जवळ येतो. नारिंगी २३०, १५९, ० पण नको, त्याचा १६३ आभाळीला भिडतो.

रंग पूर्ण अंगाला लावू नका, पटका, उपरणं किंवा पदर यापैकी एकाच जागी लावा, निदान ६×३ पिक्सेलांची सलग जागा. त्याहून लहान ठिपक्यात रंग कुणालाच नीट ओळखू येत नाही. आणि चौघांच्या डोक्यावर वेगळं काही द्या: पटका, गांधी टोपी, पदर, उघडं डोकं. शेंदरी खेळाडूच्या पटक्याची खालची ओळ सावलीत ठेवायची, रंगठिपका यांनी वर सांगितलंय तसंच. आभाळी खेळाडू आभाळावर उडी मारतो तेव्हा त्याला ती जांभळट आउटलाइन लागेल, तिथं ती तोडू नका.